जंतूंची मोजणी आणि आकड्यांचा भरवसा



शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. गृहिणी पातेल्यातील एक शीत बोटांत दाबून पाहते आणि भात शिजला की नाही, हे सांगते. तिचा निर्णय बहुधा बरोबर ठरतो. परंतु ते शीत उचलण्यापूर्वी ती उलथन्याने भात हलवून घेते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तळचा भात करपला असेल आणि वरचा कच्चा असेल, तर वरचे शीत तळाची हकीकत सांगू शकणार नाही.

वैद्यकीय प्रयोगशाळेत रोगजंतूंची जी मोजणी होते, ती याच न्यायाने होते. लघवीचा एक थेंब, थुंकीचा एक ठिपका किंवा रक्ताची एक कुपी एवढ्या आधारावर रोग्याच्या शरीरात काय चालले आहे, याचा निर्णय घ्यावयाचा असतो. तपासणीच्या अहवालावर ‘दर मिलिलिटरमागे एक लाख जीवाणू’ असे छापलेले असते. तो आकडा पाहून औषध सुरू होते, बदलले जाते किंवा बंद होते. तेव्हा हा आकडा कसा तयार होतो, तो कोठे चुकू शकतो आणि तो चुकू नये म्हणून कोणी काय करावयाचे, याची माहिती केवळ डॉक्टरांपुरती मर्यादित राहणे योग्य नाही. कारण ज्या साखळीतून हा आकडा जन्माला येतो, तिचे पहिले कडे रोग्याच्याच हातात असते.

मोजणीचा आरंभ

जीवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक यंत्रातून ते दिसतात, पण त्यांतील जिवंत कोणते आणि मेलेले कोणते, हे नुसते पाहून कळत नाही. या अडचणीतून मार्ग काढला तो जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी. घट्ट झालेल्या पोषक द्रव्यावर जीवाणू पसरले, तर प्रत्येक जीवाणू जागच्या जागी वाढतो, त्याची संतती त्याच्याभोवती गोळा होते आणि काही तासांत डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो, हे त्यांनी १८८१ साली लंडन येथील वैद्यकीय परिषदेत प्रत्यक्ष दाखविले. या ठिपक्याला ‘वसाहत’ म्हणतात. वसाहती मोजल्या, की मूळ नमुन्यात किती जिवंत जीवाणू होते याचा अंदाज येतो. याच कॉख यांनी पुढे १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूंवर संशोधन केले होते.

आरंभी हे पोषक द्रव्य घट्ट करण्यासाठी जिलेटिन वापरीत. पण शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानाला ते वितळून जाई आणि सारे ठिपके एकमेकांत मिसळत. हा प्रश्न सुटला तो स्वयंपाकघरातील अनुभवामुळे. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी मुरंबे व जेली करताना अगर नावाचा समुद्रशेवाळापासून काढलेला पदार्थ वापरीत. उन्हाळ्यातही तो वितळत नसे. त्यांनी तो सुचविला आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळा तोच वापरतात. आपल्याकडील गृहिणी ज्याला ‘चायना ग्रास’ म्हणून ओळखतात, तो हाच पदार्थ होय. पुढे १८८७ साली रिचर्ड पेट्री यांनी झाकण असलेली उथळ काचेची बशी तयार केली. या तीन गोष्टींवर आजची जंतुमोजणी उभी आहे.

एक वसाहत म्हणजे एक जीवाणू नव्हे

पद्धत सोपी दिसते, परंतु तिच्यात पहिलीच एक गोम आहे. एक ठिपका एका जीवाणूपासून झाला, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात गळवांत सापडणारे काही जीवाणू द्राक्षांच्या घोसासारखे एकत्र असतात, तर घशातील काही जीवाणू माळेसारखे सांधलेले असतात. वीस जीवाणूंचा घोस बशीवर एके ठिकाणी पडला, तर ठिपका एकच उमटतो. तोच नमुना जोराने हलवून घोस सुटे केले, तर ठिपके वाढतात. म्हणून जाणकार प्रयोगशाळा ‘इतके जीवाणू’ असे न लिहिता ‘वसाहत निर्माण करणारी इतकी एकके’ असे लिहितात. ही केवळ शब्दांची काटेकोरता नव्हे. दोन प्रयोगशाळांनी एकच नमुना निरनिराळ्या प्रकारे हलविला, तर त्यांच्या आकड्यांत फरक पडू शकतो आणि तरीही दोघांपैकी कोणीही खोटे लिहिलेले नसते.

दुसरी गोष्ट अशी, की बशीवर जे वाढते तेच मोजले जाते. काही जीवाणूंना त्या बशीतील अन्न मानवत नाही, काहींना हवा मानवत नाही, तर काहींना वेळ पुरत नाही. क्षयाच्या जंतूला घट्ट माध्यमावर दिसण्याजोगे वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी बशी पाहून ‘काही नाही’ म्हणणाऱ्याला तो दिसणारच नाही. रोग्याने आधीच दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या आणून घेतल्या असतील, तर अर्धमेले झालेले जीवाणू बशीवर वाढत नाहीत आणि अहवाल कोरा येतो. रोग मात्र तसाच राहतो.

पातळ करण्यातील जोखीम

नमुन्यात कोट्यवधी जीवाणू असले, तर ते सरळ बशीवर ओतून चालत नाही. सगळी बशी एकाच थराने भरून जाते. म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करतात. एक भाग नमुना आणि नऊ भाग निर्जंतुक द्रव असे मिश्रण केले, की तो दहापट पातळ होतो. असे सहा वेळा केले, की दहा लाखपट पातळ होतो. अशा पातळ केलेल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये ४२ वसाहती आढळल्या, तर मूळ नमुन्यात दर मिलिलिटरमागे ४ कोटी २० लाख असा हिशेब निघतो.

या हिशेबात एक धोका दडलेला आहे. प्रत्येक टप्प्याला नळीने थोडा, म्हणजे पाच टक्के, जास्त द्रव उचलला गेला, तर सहा टप्प्यांनंतर चूक पाच टक्के राहत नाही. ती वाढत वाढत सुमारे ३४ टक्के होते. आपल्या शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. खळ्यावर भात मोजताना माप प्रत्येक वेळी शीग लावून भरले काय आणि सपाट फिरवून भरले काय, शेवटच्या खंडीच्या हिशेबात किती फरक पडतो, हे तो जाणतो. म्हणूनच मोजमापाच्या नळ्यांची वेळोवेळी तपासणी करणे आणि प्रत्येक टप्प्याला नवी नळी वापरणे हे प्रयोगशाळेचे नियम ठरले आहेत.

बशीवर किती वसाहती असाव्यात, यालाही मर्यादा आहे. साधारणतः ३० ते ३०० वसाहती असलेली बशी मोजण्यास योग्य मानतात. काही प्रमाणग्रंथ २५ ते २५० ही मर्यादा देतात. फार गर्दी झाली तर वसाहती एकमेकींत मिसळतात, काही दुसऱ्यांचे अन्न संपवितात, आणि मोजणारा थकतो. फार थोड्या असल्या तर यदृच्छेचा वाटा मोठा होतो. पाणी आणि दूध यांच्या तपासणीत असा दंडक आहे, की एकाच व्यक्तीने तीच बशी पुन्हा मोजली तर फरक ५ टक्क्यांच्या आत असावा, आणि दुसऱ्या व्यक्तीने मोजली तर १० टक्क्यांच्या आत. हे ज्याला साधत नाही, त्याने आपला चष्मा, प्रकाशयोजना किंवा पद्धत तपासून पाहावी, असा त्याचा अर्थ.

यदृच्छेचा वाटा

सर्व काळजी घेतली, नळ्या अचूक आहेत, मोजणारा दक्ष आहे, तरीही दोन बशांवरील वसाहती सारख्या येत नाहीत. ही चूक नव्हे. हा निसर्गाचा नियम आहे, आणि तो समजावून सांगण्याचे श्रेय एका दारूभट्टीतील रसायनज्ञाकडे जाते. आयर्लंडमधील डब्लिन शहरी गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचे गृहस्थ कामाला होते. यीस्टच्या पेशी मोजणे हा तेथील नित्याचा भाग होता. त्यांनी ४०० चौकोन आखलेल्या काचेवर यीस्टच्या पेशी कशा पसरतात, याचा अभ्यास केला आणि १९०७ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तो प्रसिद्ध केला. मोजणीतील अनिश्चितता ही प्रत्यक्ष किती पेशी मोजल्या यावर अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले.

नियम थोडक्यात असा सांगता येईल. मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याची दुप्पट करावी. खरा आकडा बहुतेक वेळा तेवढ्या अंतरात खाली किंवा वर असतो. १०० वसाहती मोजल्या, तर वर्गमूळ १० आणि दुप्पट २०. म्हणजे आकडा साधारण ८० ते १२० यांच्या दरम्यान समजावा. २५ मोजल्या, तर १५ ते ३५. केवळ ४ मोजल्या, तर जवळपास काहीच नाही येथपासून ८ पर्यंत. पहिल्या उदाहरणात अनिश्चितता २० टक्के, दुसऱ्यात ४० टक्के आणि तिसऱ्यात शंभर टक्के आहे. चार वसाहतींवरून केलेला हिशेब मोठ्या गुणकाने गुणून लाखांत मांडला, तरी त्याची मूळची डळमळीत स्थिती बदलत नाही.

शिक्षकांना हा नियम वर्गात सहज दाखविता येईल. अंगणात खडूने दहा गुणिले दहा असे शंभर चौकोन आखावेत. चारशे मुगाचे दाणे मोजून घ्यावेत आणि उंचावरून सर्वत्र विखुरले जातील असे सोडावेत. दर चौकोनात सरासरी चार दाणे पडतील हे उघड आहे. पण मुलांना मोजावयास लावले, तर एखाददुसरा चौकोन अगदी रिकामा आढळेल आणि चार-पाच चौकोनांत आठ किंवा त्याहून अधिक दाणे सापडतील. एकाच चौकोनावरून अंगणाचा निर्णय करणारा किती फसेल, हे मुलांना पुस्तकापेक्षा या खेळातून लवकर कळेल.

रक्ताच्या दोन कुप्या का?

ताप उतरत नसलेल्या रोग्याचे रक्त जंतूंच्या तपासणीसाठी घेतात, तेव्हा घरची माणसे अनेकदा नाराज होतात. ‘आधीच अशक्त माणूस, आणि एवढे रक्त कशाला?’ असा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर याच नियमात आहे. रक्तात जंतू पसरले, तरी मोठ्या माणसाच्या रक्तात त्यांची संख्या पुष्कळदा फारच थोडी असते. समजा, दर दोन मिलिलिटर रक्तात सरासरी एक जंतू आहे. दोन मिलिलिटरच रक्त घेतले, तर त्यात एकही जंतू न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे दर तीन रोग्यांपैकी एकाहून अधिक जणांचा आजार निसटून जाईल. तेच दहा मिलिलिटर घेतले, तर निसटण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली येते. म्हणून प्रौढ रोग्यासाठी दर कुपीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त मागितले जाते. लहान मुलांसाठी हे प्रमाण वयाप्रमाणे व वजनाप्रमाणे कमी असते. थोडे रक्त देऊन मिळालेला कोरा अहवाल घरच्यांना दिलासा देतो खरा, पण तो दिलासा फसवा असू शकतो.

लघवीची तपासणी : एक लाखाचा इतिहास

मोजणीचे महत्त्व सर्वांत अधिक दिसते ते लघवीच्या तपासणीत. मूत्राशयातील लघवी निरोगी माणसात जवळजवळ जंतुरहित समजली जाई. पण बाहेर पडताना ती त्वचेवरील आणि आसपासचे जंतू बरोबर घेऊन येते. मग लघवीत जंतू सापडले, तर ते आतले की बाहेरचे? १९५६ साली बॉस्टन येथील एडवर्ड कॅस यांनी मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांच्या लघवीतील जंतू मोजले. आजारी स्त्रियांत ते बहुधा दर मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर आढळले. बाहेरून मिसळलेले जंतू सहसा याच्या पुष्कळ खाली असत. यातून ‘एक लाख’ ही सीमारेषा रूढ झाली.

मात्र कॅस यांनी स्वतःच एक इशारा दिला होता. काहीच त्रास नसलेल्या स्त्रीच्या एकाच नमुन्यात एक लाखाच्या वर जंतू आढळले, तर ते खरोखर मूत्रमार्गातील असण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते. लागोपाठ दोन नमुन्यांत तेच जंतू आढळले, तर ती सुमारे ९५ टक्क्यांवर जाते. एका आकड्यावर विसंबू नका, असेच हा अनुभव सांगतो.

कालांतराने ही सीमारेषा जणू दगडावरची रेघ झाली. एक लाखाच्या खाली आकडा आला, की ‘आजार नाही’ असे समजले जाऊ लागले. १९८२ साली सिएटल येथील वॉल्टर स्टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी लघवीच्या वेळी जळजळ होत असलेल्या स्त्रियांच्या मूत्राशयातून थेट लघवी काढून ती तपासली आणि ती नेहमीच्या नमुन्याशी ताडून पाहिली. ज्यांच्या मूत्राशयात खरोखर जंतू होते, त्यांपैकी केवळ ५१ टक्के स्त्रिया एक लाखाच्या कसोटीने ओळखता आल्या. बाकीच्यांना त्या कसोटीने निरोगी ठरवून घरी पाठविले असते. त्रास होत असलेल्या स्त्रियांसाठी सीमारेषा शंभरावर आणली, तेव्हा सुमारे ९५ टक्के ओळखता आल्या.

यावरून एक लाखाची कसोटी चुकीची होती, असे समजू नये. ती एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर होती, आणि तो प्रश्न त्रास नसलेल्या स्त्रियांविषयी होता. तिचा उपयोग दुसऱ्या प्रश्नासाठी केला, तेव्हा ती अपुरी पडली. तोच आकडा गरोदर स्त्रीच्या अहवालात एक अर्थ सांगतो आणि काहीही त्रास नसलेल्या वृद्धाच्या अहवालात दुसरा. गरोदरपणी त्रास नसतानाही लघवीतील जंतूंवर उपचार करणे आवश्यक मानतात, कारण पुढे मूत्रपिंडाला संसर्ग होण्याचा धोका असतो. उलट त्रास नसलेल्या वृद्धाला केवळ आकडा मोठा आहे म्हणून प्रतिजैविके देणे बहुधा निरुपयोगी ठरते. त्याने आजार बरा होत नाही, कारण आजार नसतोच. मात्र औषधाला दाद न देणारे जंतू तयार होण्यास मदत होते.

नमुन्याचा प्रवास

खेड्यातील रोग्याच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक प्रयोगशाळेत न होता तेथे पोहोचण्याच्या वाटेवर होते. सकाळी सात वाजता घेतलेला नमुना बसची वाट पाहत उन्हात राहतो आणि दुपारी तालुक्याला पोहोचतो. लघवी हे जंतूंना चांगले मानवणारे अन्न आहे. समजा, बाहेरून मिसळलेले निरुपद्रवी जंतू दर मिलिलिटरमागे एक हजार होते आणि उष्णतेमुळे ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले. साडेतीन तासांत ते सात वेळा दुप्पट होऊन १ लाख २८ हजार होतील. तंत्रज्ञ प्रामाणिकपणे मोजील, अहवाल शिस्तीने लिहील आणि तरीही निरोगी माणसाच्या नावावर आजार नोंदला जाईल. म्हणून नमुना दोन तासांच्या आत तपासणीस लागावा. ते शक्य नसेल तर बर्फाच्या पेटीत किंवा शीतकपाटात ठेवावा, असा नियम आहे. अशा थंड जागी ठेवलेला नमुना चोवीस तासांपर्यंत चालतो.

प्रयोगशाळेतही एक साधी गोष्ट आकडा बदलू शकते. लघवी बशीवर पसरण्यासाठी ठरावीक मापाचे तारेचे वर्तुळ वापरतात. त्यात एक मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. त्यामुळे बशीवरील एक वसाहत म्हणजे मूळ नमुन्यात एक हजार, आणि शंभर वसाहती म्हणजे एक लाख. हे वर्तुळ उभे धरून बुडविले की तिरके धरून, यावर त्यात किती द्रव चिकटतो हे ठरते. ज्योतीवर तापवून ते वाकडे झाले, तर माप बदलते. हजाराने गुणावयाचे असल्यामुळे थेंबातील बारीक फरकही अहवालात मोठा होऊन उतरतो.

थुंकीतील जंतू : सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी

क्षयरोगाच्या तपासणीत वसाहतींऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली रंगविलेले जंतूच मोजतात. शंभर दृश्यक्षेत्रे पाहिल्यावर एकही जंतू दिसला नाही, तर नमुना निर्दोष समजतात. एक ते नऊ जंतू दिसले, तर ‘अल्प’ म्हणून नेमकी संख्या लिहितात. १० ते ९९ दिसले, तर एक अधिक चिन्ह. दर क्षेत्रात एक ते दहा दिसले, तर दोन चिन्हे, आणि दहाहून अधिक दिसले तर तीन.

येथे शंभर या संख्येला अर्थ आहे. समजा, एखाद्या काचेवर शंभर क्षेत्रांत मिळून सरासरी तीनच जंतू आहेत. कामाच्या घाईत तंत्रज्ञाने वीसच क्षेत्रे पाहिली, तर एकही जंतू न दिसण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५५ टक्के असते. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी थुंकीच्या दर मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. म्हणून रोग्याने लाळ न देता छातीतून खोकून काढलेला बेडका द्यावयास हवा. लाळेचा नमुना कितीही काळजीने पाहिला, तरी त्यात नसलेला जंतू दिसणार नाही.

या मोजणीवर देखरेख ठेवण्याची एक उत्तम पद्धत आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमात रुजली आहे. तपासलेल्या काचांतून काही काचा यदृच्छेने निवडून वरिष्ठ तंत्रज्ञाकडे पाठवितात आणि पहिला निकाल त्याला सांगत नाहीत. निकाल ठाऊक असला, की डोळ्यांना तेच दिसू लागते. हा मनुष्यस्वभाव ओळखूनच ही योजना केलेली आहे. पुनर्तपासणी म्हणजे तंत्रज्ञावरील अविश्वास, असा समज करून घेणे योग्य नव्हे. तराजूची तपासणी होते म्हणून दुकानदार अप्रामाणिक ठरत नाही.

अलीकडे जंतूंचे जनुकीय द्रव्य ओळखणारी यंत्रे प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचली आहेत. त्यांपैकी ‘ट्रूनॅट’ हे यंत्र गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीचे असून, क्षयाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे थोडे जंतूही अशी यंत्रे पकडतात. परंतु मेलेल्या जंतूंचे जनुकीय द्रव्यही त्यांना दिसते. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर औषधाचा गुण येतो की नाही, हे पाहण्यासाठी ती वापरीत नाहीत. त्यासाठी अजूनही सूक्ष्मदर्शक आणि संवर्धन यांचाच आधार घ्यावा लागतो. नवे यंत्र जुन्या प्रश्नाचे उत्तर देतेच असे नाही.

‘शून्य’ आणि ‘९९.९ टक्के’

जाहिरातींत आणि संशोधनाच्या निष्कर्षांत दोन आकडे वारंवार दिसतात. पहिला शून्य. दशांश मिलिलिटर द्रव बशीवर पसरला आणि एकही वसाहत आली नाही, तर त्याचा अर्थ जंतू नाहीत असा होत नाही. दर मिलिलिटरमागे तीस जंतू असूनही, क्वचित का होईना, बशी रिकामी राहू शकते. म्हणून चांगला संशोधक ‘शून्य’ असे लिहून थांबत नाही. आपल्या पद्धतीला किती जंतूंपर्यंत दिसू शकते, ती मर्यादाही तो लिहितो.

दुसरा आकडा ९९.९ टक्क्यांचा. एखाद्या जंतुनाशकाने ९९.९ टक्के जंतू मारले, हे खरे असले तरी दहा लाखांतील एक हजार जिवंत राहिलेले असतात. शिवाय जंतुनाशकाचा अंश नमुन्याबरोबर बशीवर गेला, तर तेथेही तो जंतूंना वाढू देत नाही. ते मेलेले नसून दबलेले असतात, पण मोजणीत मेलेलेच धरले जातात. यासाठी जंतुनाशक निष्प्रभ करणारे द्रव्य आधी मिसळावे लागते. ते मिसळले होते काय, बशा किती होत्या, मोजणाऱ्याला कोणती बशी कशाची हे ठाऊक होते काय, असे प्रश्न विचारल्यावाचून कोणताही मोठा टक्केवारीचा दावा मान्य करू नये.

प्रत्येकाचे काम

मोजणी करता आली नाही, तरी उपयुक्त इशारा मिळू शकतो, याचेही उदाहरण आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली पिण्याच्या पाण्यातील मैल्याचे प्रदूषण ओळखण्याची सोपी चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत तयार कागदाची पट्टी असते, तीत पाणी भरून उबदार जागी ठेवावयाचे. पाणी काळे पडले, की ते संशयास्पद समजावे. ही चाचणी किती जंतू आहेत ते सांगत नाही, आणि सांगते असा तिचा दावाही नाही. तिच्याकडून मोजणीची अपेक्षा न ठेवता इशारा घेतला, तर ती खेड्यात फार उपयोगी पडते.

आता कोणी काय करावयाचे, ते थोडक्यात पाहू. ग्रामस्थांनी नमुना देण्यापूर्वी प्रतिजैविके घेतली असल्यास तसे सांगावे. लघवी देताना अंग स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत धरावी. थुंकी खोकून काढलेली द्यावी. अहवालाचा आकडा पाहून स्वतःच औषध सुरू करू नये किंवा बंद करू नये. आरोग्य सेवकांनी बाटलीवर नावाबरोबर नमुना घेतल्याची वेळ लिहावी. ही एक ओळ लिहिली नाही, तर पुढचा तंत्रज्ञ आकड्याचा अर्थ लावू शकत नाही. शिक्षकांनी मुगाच्या दाण्यांचा खेळ मुलांना खेळू द्यावा. अधिकाऱ्यांनी बर्फाच्या पेट्या, नमुने नेणारी वाहने आणि नळ्यांची तपासणी यांसाठीची तरतूद किरकोळ खर्च म्हणून कापू नये. सूक्ष्मदर्शकासमोर बसणाऱ्याला शंभर क्षेत्रे पाहण्याइतका वेळ मिळतो की नाही, हेही त्यांनीच पाहावयाचे आहे. प्रयोगशाळेने आकड्याबरोबर पद्धत व तिची मर्यादा लिहावी. आणि डॉक्टरांनी तो आकडा रोग्याच्या तक्रारीशी ताडून पाहावा.

जंतूंची मोजणी गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत पुष्कळ सुधारली, पण ती अचूक कधीच नव्हती आणि यापुढेही होणार नाही. तिच्यावर भरवसा ठेवता येतो, तो तिच्यातील चुकांचा अंदाज बांधता येतो म्हणून. उन्हात चार तास पडलेल्या बाटलीचा अंदाज मात्र कोणालाच बांधता येत नाही. ती बाटली वेळेत आणि थंड पोहोचविणे, हे काम आपल्या हातचे आहे, आणि त्याला शास्त्र शिकावे लागत नाही.